वळिवड्याचे पाहुणे आणि आपण

(ज्युबिली वर्षानिमित्त शिवाजी पेठेतील कॅथलिक कुटुंबांच्या मेळाव्यात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



ज्युबिलीचे वर्ष म्हणजे केवळ रोषणाईचे, मिरवणुकीचे व मिष्टान्नाचे वर्ष, अशी समजूत अलीकडे रूढ होऊ पाहत आहे. रोषणाईस आमचा विरोध नाही; मिष्टान्नास तर मुळीच नाही. तथापि प्राचीन इस्राएल लोकांत या वर्षाचा अर्थ निराळा होता. दर पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेली जमीन मूळ घराण्यास परत मिळावी, व दास्यात गेलेल्या मनुष्याने आपल्या माणसांत परत जावे, असा नियमशास्त्राचा दंडक होता. म्हणजे ज्युबिलीचा मूळ संबंध घराशी आहे. यास्तव आज आम्ही घराविषयीच बोलणार आहोत, आणि तेही ज्यांचे घर परत मिळाले नाही अशा लोकांविषयी.

या विषयाकडे आम्ही का वळलो, ते आधी सांगितले पाहिजे. गेल्या वर्षभरात आशीर्वादासाठी आपल्या घरोघरी आमचे येणे झाले. चहा झाला, मुलांच्या परीक्षांची चौकशी झाली, आणि मग, उठण्याच्या वेळी, उंबऱ्याशी, हळू आवाजात एकच प्रश्न अनेक घरी आमच्या कानी पडला: "फादर, आपण इथले, की इथले पाहुणे?" एका तरुण जोडप्यास भाड्याने खोली मिळत होती, बोलणी पुरी झाली होती, आगाऊ रक्कमही ठरली होती, पुढे भिंतीवर क्रूस लावणार काय अशी पृच्छा झाली, आणि दुसऱ्या दिवशी खोली 'नात्यातल्या माणसाला' गेली. एक माता आपल्या मुलीस कामावर जाताना गळ्यातील क्रूस कपड्याच्या आत ठेवण्यास सांगते. जून २०२३ मध्ये आपल्या या शहरात दोन समाजांच्या मध्ये जो प्रक्षोभ झाला, तो आपल्याविरुद्ध नव्हता हे खरे. परंतु दुकाने धडाधड बंद होत असताना आपल्या घरांतही कड्या लागल्याच की.

या प्रश्नाला 'भिऊ नका, काही होणार नाही' असे उत्तर देणे सोपे आहे. ते उत्तर आम्ही देणार नाही. काय होईल हे आम्हास ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही त्याची हमी वेदीजवळ उभे राहून देणे हे धर्मगुरूचे काम नव्हे. त्याऐवजी आपल्याच जिल्ह्यात घडलेली एक हकीकत आपल्यापुढे मांडतो.

शहराच्या पूर्वेस, मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वळिवडे हे गाव आहे. १९४३ साली तेथे लांबच लांब बराकी उभ्या राहिल्या, आणि त्यांत सुमारे पाच हजार पोलिश लोक येऊन उतरले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. कर्ते पुरुष बहुधा सैन्यात होते, किंवा मातीखाली होते. ते जवळजवळ सर्व आपल्यासारखे कॅथलिक. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्यांना बाजारात पाहिले असेल. कोल्हापुरातील वृद्ध मंडळी त्यांच्या आठवणी पुष्कळ वर्षे सांगत असत.

हे लोक हजारो मैलांवरून येथे आले कसे? १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर पश्चिमेकडून स्वारी केली, आणि १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे सैन्य आत शिरले. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये सापडलेल्या दाण्यासारखी त्या राष्ट्राची गत झाली. पश्चिमेस काय घडले ते जगास ठाऊक आहे. एकट्या डाखाउच्या छळछावणीत सतराशेहून अधिक पोलिश धर्मगुरू कोंडण्यात आले होते, व त्यांपैकी आठशेहून अधिक तेथेच मृत्यू पावले. पूर्वेकडची कथा त्या मानाने कमी सांगितली गेली. १० फेब्रुवारी १९४० च्या रात्री, कडाक्याच्या थंडीत, पूर्व पोलंडमधील घरांची दारे ठोठावण्यात आली. थोडक्या वेळात जे बांधता येईल ते बांधा, असा हुकूम. मग गुरांच्या वाघिणी, कित्येक आठवड्यांचा प्रवास, आणि शेवटी उत्तरेकडची अरण्ये वा सायबेरिया. अशा चार मोठ्या खेपा जून १९४१ पर्यंत झाल्या, आणि त्यांतून लक्षावधी माणसे हलवली गेली. यांचा अपराध काय? कोणाचा नवरा सैन्यात होता, कोणाचा बाप वनखात्यात होता, कोणास सरकारने जमीन दिली होती.

तेथे लाकडे तोडायची, ठरलेले काम झाले तर ठरलेली भाकर. प्रार्थनेस मज्जाव. मिस्सा नाही, धर्मगुरू नाही, मृताच्या उशाशी मेणबत्ती नाही. आयांनी मुलांना क्रूसाची खूण करण्यास शिकवले ते काळोखात. आम्ही हे मुद्दाम सांगत आहोत. कारण श्रद्धा ठेवली म्हणजे संकट टळते, अशी एक भोळी समजूत आपल्यात आहे, आणि संकट टळले नाही की तिचाच उलटा फटका श्रद्धेस बसतो. त्या अरण्यात जी मुले गेली, त्यांच्या मातांची श्रद्धा कमी होती काय? नवस कमी पडले काय? बंधुभगिनींनो, ही भाषाच चुकीची आहे. आम्ही सेमिनरीत असताना शिकलो की आशा हा ईश्वरदत्त सद्गुण आहे, आणि ईश्वराने आपल्या सोयीप्रमाणे वागावे हे गृहीत धरणे हे त्या सद्गुणाविरुद्धचे पाप आहे. पुस्तकात ती दोन वाक्ये शेजारी शेजारी असतात. आयुष्यात त्यांच्यातील अंतर कळण्यास वेळ लागतो.

पुढे जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियास मित्रांची गरज भासली. लंडनमधील पोलिश सरकाराशी करार झाला, आणि या बंदिवानांना 'माफी' मिळाली. न केलेल्या गुन्ह्याची माफी! जनरल आंडर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले, आणि त्याच्या मागोमाग ही कुटुंबे दक्षिणेकडे, उझबेकिस्तानकडे निघाली. वाटेत विषमज्वर, वाटेत उपासमार. १९४२ मध्ये दोन खेपांत एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरावर उतरले. तेथून कोणी आफ्रिकेत गेले, कोणी भारतात आले. कराचीजवळ त्यांची तात्पुरती छावणी होती. काठेवाडात नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांना आश्रय दिला; तेथील छावणीचे प्रमुख फादर फ्रान्सिस प्लुटा हे पोलिश धर्मगुरूच होते. आणि सर्वांत मोठी वसाहत आपल्या वळिवड्यास झाली. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १९४० मध्ये निवर्तले होते, गादीवर अल्पवयीन छत्रपती होते, व कारभार रीजन्सीकडे होता. जमीन संस्थानची, देखरेख हिंदुस्थान सरकारची, खर्चाचा भार पोलिश सरकारावर.

येथे थोडे थांबून एक हिशोब मांडू. त्या लोकांना घराबाहेर काढणारे राज्य देवास न मानणारे होते, हे आपण ख्रिस्ती लोक मोठ्या हौसेने सांगतो. परंतु त्यांच्या देशावर पश्चिमेकडून जे सैन्य आले, त्यातील बहुतेकांचा बाप्तिस्मा झालेला होता, हे सांगताना आपला आवाज खाली येतो. उलटपक्षी, त्यांना प्रथम उतरून घेतले ते मुसलमानांच्या देशाने, व पुढे छप्पर दिले ते हिंदू राजांच्या संस्थानांनी. ज्या परमेश्वरास त्यांनी अरण्यात हाक मारली, त्याने उत्तर दिले ते बहुतांशी ख्रिस्ती नसलेल्या हातांनी. यात नवल काही नाही. पवित्र कुटुंब हेरोदाच्या तलवारीपुढून पळाले, ते कोठे? मिसर देशात, तेथील लोक मारियेच्या आणि योसेफाच्या देवाची उपासना करीत नव्हते. पोप बाराव्या पायस यांनी १९५२ मध्ये निर्वासितांविषयी जे धर्मपत्र काढले, त्यात त्या पळून गेलेल्या कुटुंबासच सर्व निर्वासित कुटुंबांचा आदर्श म्हटले आहे. म्हणून 'शत्रू जग' असे शब्द आपल्या तोंडी येतात तेव्हा आम्हास संकोच वाटतो. जगात शत्रुत्व आहे. परंतु त्याची सीमारेषा धर्माधर्मांमधून जात नाही. ती प्रत्येक घराच्या आतून जाते, आपल्याही.

आता छावणीत शिरू. पाच हजार जीवांचे ते एक लहान गावच होते. शाळा होत्या, लहान मुलांच्या तशाच वरच्या इयत्तांच्याही. रुग्णालय होते, नाट्यगृह होते, बालवीरांची पथके होती. आणि चर्च होते, पोलिश धर्मगुरू होते. त्यांची संपत्ती ती काय? तरीही प्रथम त्यांनी वर्ग भरवले आणि वेदी मांडली. अन्न लागते, पांघरूण लागते, हे त्यांना आपल्याहून अधिक ठाऊक होते. परंतु दोन वर्षे ज्यांना नुसते हात-पाय म्हणून मोजण्यात आले, त्यांना पुन्हा कोणाची मुलगी, कोणाची शेजारीण, कोणाची विद्यार्थिनी होण्याची भूक त्याहून मोठी होती. मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद होऊ लागला. पापनिवेदन पुन्हा आपल्या भाषेत करता येऊ लागले. मरण आले तर मिस्सा होऊन दफन होऊ लागले. त्यांपैकी काहींच्या कबरी आजही आपल्या कोल्हापुरात आहेत. ज्या मातेचे एक मूल वाटेत कोठेतरी रेल्वेच्या कडेला राहिले, तिला दुसऱ्याच्या कबरीवर क्रूस रोवता येणे ही केवढी गोष्ट होती, हे मातांनीच समजावे.

आमच्या मते 'आश्रय' या शब्दाचा ख्रिस्ती अर्थ येथे सापडतो. ख्रिस्तसभेने त्यांना भिंती दिल्या नाहीत. भिंती संस्थानच्या होत्या. ख्रिस्तसभेने त्यांना नाव घेऊन हाक मारली.

त्या वेळी कोल्हापूर पुणे धर्मप्रांतात मोडत असे, आणि पुण्याचे बिशप होते हेन्री डोरिंग. ज्यांच्या घरी 'निरोप्या' येत असे त्यांना हे नाव परके नाही; १९०३ मध्ये ते मासिक त्यांनीच सुरू केले. ते येशूसंघीय होते, आणि जर्मन होते. पहिल्या महायुद्धाने जर्मन मिशनऱ्यांना मुंबई-पुण्याच्या क्षेत्रातून दूर केले. बिशप डोरिंग यांनाही आपल्या लोकांपासून तुटावे लागले, १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानात हिरोशिमास झाली, आणि १९२७ मध्ये ते पुण्यास परतले. म्हणजे पाहा, जर्मनीच्या स्वारीने ज्यांचे घर मोडले ते लोक एका जर्मन बिशपांच्या धर्मप्रांतात आले, आणि ते बिशप स्वतः एकदा युद्धापायी परागंदा झालेले. प्रत्येक मिस्सात बिशपांचे नाव घेऊन प्रार्थना होते. पोलिश धर्मगुरूंनी वळिवड्याच्या वेदीवर ते नाव घेतले असेल, तेव्हा त्या विधवांच्या मनात काय आले असेल? आम्ही यावर पुष्कळ विचार केला. 'आमेन' म्हणणे सोपे नसेल. तरी ख्रिस्तसभेचे घर असे आहे की त्यात शेजारी कोण बसणार हे आपण निवडत नाही.

मे १९४५ मध्ये युरोपातील युद्ध संपले. जगाने दिवे लावले. वळिवड्यास मात्र तो विजय अर्धाच पोहोचला. कारण त्याच वर्षी फेब्रुवारीत याल्टा येथे मोठ्या राष्ट्रांनी पोलंडचा पूर्वभाग रशियाकडे राहू देण्याचे ठरवले होते. ज्या घरांतून त्यांना रात्री उठवले गेले, ती घरे आता परदेशात गेली. जुलैमध्ये ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. ज्युबिलीचा दंडक आम्ही आरंभी सांगितला. या लोकांना जमीन परत मिळाली नाही. १९४६ मध्ये बालाचडीची मुले येथे आणली गेली, आणि १९४८ मध्ये वळिवड्याची छावणी उठली. कोणी इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियास, कोणी कॅनडास, कोणी आफ्रिकेतील छावण्यांत, तर काही धीर करून पोलंडला. त्यांच्यातील एक कन्या मात्र कोल्हापुरातच लग्न करून राहिली आणि मराठी घरची सून झाली.

बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंधमधून निघालेली हिंदू कुटुंबे त्यांत येऊन राहिली. आज आपण घाऊक कापड घेण्यास ज्या गांधीनगरास जातो, ते हेच. लग्नाचा बस्ता बांधताना भावाची घासाघीस अवश्य करा. परंतु एकदा मनात आणा, की याच जागेवर एका पिढीने पोलिश भाषेत जपमाळ म्हटली, आणि दुसऱ्या पिढीने सिंधी भाषेत झुलेलालांचा धावा केला. दोघेही घर मागे टाकून आले होते.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. आपण इथले की पाहुणे? पोलिश लोक पाहुणेच होते, आणि त्यांनी ते कधी विसरले नाही. महावीर उद्यानात त्यांनी १९९८ मध्ये कृतज्ञतेचा स्तंभ उभारला. छावणीतील मुले म्हातारी झाली, लंडनमध्ये एकत्र जमली, आणि त्यांनी आपल्या आठवणींचा भला मोठा ग्रंथ केला. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे; ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

आपले तसे नाही. आपण कोठून आलोही नाही आणि आपल्याला कोठे जायचेही नाही. आपली भाषा मराठी. १६१६ मध्ये फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले, म्हणजे या भाषेत ख्रिस्ताची कथा सांगितली जाऊ लागल्यास चारशे वर्षे होऊन गेली. निवृत्ती चौकातून जाणाऱ्या आपल्या मुलाला 'कुठला रे तू' असे विचारले, तर तो 'पेठेतला' म्हणतो. आणि फुटबॉलच्या मोसमात त्याची निष्ठा कोणत्या संघावर आहे याविषयी घरात दुमत असू शकते, शेजाऱ्यांत नसते. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी चढले, तेव्हा कोण कोणाच्या घरी निजले याची यादी कोणी धर्मवार केली नाही. तेव्हा पाहुणा हा शब्द आपण स्वतःस लावून घेऊ नये. कोणी लावला, तर भांडू नये, आणि मान्यही करू नये. ज्या जोडप्याची खोली गेली त्यांना आम्ही हेच सांगितले. त्यांना दुसरी खोली मिळाली. पहिल्यांदा नकार देणाऱ्याच्या जातीधर्माचाच दुसरा घरमालक निघाला. क्रूस खिडकीच्या वर लावा, तेथे खिळा आधीच आहे, असे त्याने सांगितले.

दुसऱ्या बाजूची एक भीतीही आम्हास बोलून दाखवली पाहिजे, जरी काहींना ती आवडणार नाही. दुखावलेला समाज आत आत सरकतो. आपलेच दुकान, आपलाच डॉक्टर, आपल्यातच सोयरीक, आपल्याच मुलांशी खेळ. याला आपण 'आपलेपण' म्हणतो. वळिवड्याच्या लोकांना बराकीत राहण्याची सक्ती होती. आपण हौसेने बराकी बांधू लागलो आहोत. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण दहा मिनिटे उभे राहतो, ते पाहा: प्रत्येक जण आपल्या ओळखीच्याच घोळक्यात. वसईची मंडळी एकीकडे, नगरची एकीकडे, गोव्याची एकीकडे. नोकरीसाठी झारखंडातून आलेली दोन मुले गेले पाच महिने मागच्या बाकावर बसून निघून जातात. त्यांना नावाने हाक मारणारे आपल्यात किती आहेत? ज्याला स्वतःच्या धर्मग्रामात कोणी ओळखत नाही, त्याला जगाचे शत्रुत्व वेगळे काय शोधायचे आहे!

पोलिश घरांत नाताळच्या आदल्या रात्रीची एक चाल आहे. आकाशात पहिली चांदणी दिसली की सर्व जण भोजनास बसतात. प्रथम एक पातळ, पांढरी, बेखमीर पोळी एकमेकांना मोडून देतात व एकमेकांचे शुभ चिंतितात. आणि पानांमध्ये एक पान जास्त मांडतात. ते वाटसरूसाठी असते, आणि गैरहजर माणसासाठीही. अरण्यातून आलेल्या कुटुंबांच्या पंगतीत ते एक पान पुरेसे कसे झाले असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

असो. दोन सूचना देऊन थांबतो. येत्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून झाल्यावर पोलिश कबरींपाशीही प्रार्थना होईल; ज्यांच्याकडे सवड असेल त्यांनी मेणबत्त्यांचा एक जादा पुडा आणावा. आणि नाताळच्या आदल्या रात्री ज्या घरांना एक पान जास्त मांडण्याची इच्छा आहे, त्यांनी आपली नावे पुढच्या रविवारपर्यंत आमच्याकडे द्यावीत. त्या दोन मुलांपासून आरंभ करू. ती कोठे राहतात ते आम्ही विचारून ठेवले आहे.